फाटकावरची पत्रपेटी आणि राखाडी काठाचे पाकीट

मी एक जुनी पत्रपेटी आहे. मित्रांनो, मी सांगणार आहे ती हकिगत १९९६ सालच्या मार्च महिन्यातली. तेव्हा मला पंचेचाळीस वर्षे झाली होती आणि माझ्या बिजागऱ्या कुरकुरू लागल्या होत्या. आता तर मी अगदीच थकले आहे. तरीही तो आठवडा मला दिवसागणिक आठवतो.

माझा जन्म १९५१ सालचा. ग्रोनिंगन प्रांताच्या पूर्वेला, कालव्याच्या काठावरच्या गावात, लोहाराने जाड पत्र्यातून मला घडवले. रूल्फ आणि वुबिना यांच्या लग्नात त्याने मला आहेर म्हणून दिले. त्यांचे घर रस्त्यापासून बरेच आत होते, म्हणून मला फाटकाच्या खांबावर बसवले. लोहाराने माझे तोंड मुद्दाम रुंद ठेवले होते. "पत्र दुमडायला लागू नये," असे तो म्हणाला होता. मला हिरवा रंग दिला, त्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव घातले. दर वसंतात रूल्फ माझ्या बिजागरीत दोन थेंब तेल सोडत असे.

पहिली वीस-पंचवीस वर्षे माझी सुखाची गेली. वुबिनाबाईंची धाकटी बहीण फेना लग्न होऊन वीनडामला गेली होती. ती दर आठवड्याला पत्र लिही. पोस्टमन ते पत्र आत सोडे, तेव्हा ते माझ्या तळाशी अगदी अलगद टेकत असे. वुबिनाबाई एप्रनला हात पुसत फाटकापर्यंत येत आणि इथेच उभ्या राहून वाचत. कधी हसत, कधी डोळे पुसत. तेव्हा मला वाटे, या घरात माझ्याइतके महत्त्वाचे कोणी नाही.

मग घरोघर फोन आले आणि फेनाची पत्रे थांबली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. रिकामे राहण्याचे दुःख मला कधी फारसे झाले नाही. मित्रांनो, खरे दुःख पुढे आले, मी भरू लागले तेव्हा.

सुरुवात एका मासिकातल्या कुपनाने झाली. नाव-पत्ता लिहून पाठवा, भांडी पुसायचा पंचा फुकट मिळवा! रूल्फ नुकताच वारला होता, घर सुने झाले होते, आणि टपालाने काहीतरी येणार याचाच वुबिनाबाईंना आनंद होता. पंचा आला. त्याच्या मागोमाग पंचेवाल्यांचे पुस्तक आले. मग गाद्यांची पत्रके, चष्म्यांची, पायांना ऊब देणाऱ्या सपातांची. 'वुबिनाबाई, आपली निवड झाली आहे!' असे लिहिलेली जाड पाकिटे येऊ लागली. त्या प्रत्येक पाकिटातही एक कुपन असे आणि वुबिनाबाई तेही भरून पाठवत. त्यांच्या नावाची एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला विक्री केली असणार. शिवाय दर मंगळवारी सायकलवरून एक बाई येई आणि दुकानांच्या सवलतीच्या पत्रकांचा गठ्ठा माझ्या तोंडात कोंबून जाई. त्यांवर तर नावही नसे.

आधी वुबिनाबाई कॉफी पिताना पेन्सिल घेऊन बसत आणि कुठे कॉफी स्वस्त, कुठे साबण स्वस्त अशा खुणा करत. पण रोजचे ओझे वाढत गेले. शेवटच्या वर्षात त्या न पाहताच सगळे उचलत आणि मागच्या पडवीत केळ्यांच्या रिकाम्या खोक्यात टाकत. महिन्यातून एकदा, शनिवारी, गावचा बँड रद्दी गोळा करायला येई. ती विकून ते ट्यूबासारखी नवी पितळी वाद्ये घेत.

आता त्या मार्च महिन्याकडे येते. त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. वर्षभरापूर्वी फेनाच्या वाढदिवसाला सगळे नातेवाईक गोल खुर्च्या मांडून केक खात बसले होते. फेनाचा नवरा मेन्नो आजारातून नुकताच उठला होता. सगळ्यांसमोर वुबिनाबाई म्हणून गेल्या, "फेना, याच्या हातात गाडी देऊ नकोस गं. एक दिवस तुला कालव्यात पोहायला लावील." सगळे हसले. मेन्नोचा चेहरा लाल झाला. दुसऱ्या आठवड्यात त्याने गाडी विकून टाकली. फेनाने बहिणीला फोन करणे बंद केले. मला हे कसे कळले? वुबिनाबाईंनी शेजारच्या यानाला हे फाटकापाशी उभे राहून तीनदा सांगितले आणि तिन्ही वेळा शेवटी एकच वाक्य म्हटले, "मी काय खोटं बोलले?"

आणि मग तो मंगळवार. सकाळी पोस्टमन हार्म आला. त्याच्या हातात एक पांढरे पाकीट होते, राखाडी काठाचे. आमच्याकडे घरात कोणी वारले की असे पाकीट पाठवतात. आत छापलेले कार्ड असते, अंत्ययात्रा कधी, कुठे ते लिहिलेले. ज्याला कार्ड आले त्याने जायचे. ज्याला आले नाही त्याने काय समजायचे ते समजावे. हार्म असली पाकिटे कधी माझ्यात टाकत नसे. आत जाऊन, बेल वाजवून, हातात देत असे. त्या दिवशीही तो आत गेला, बेल वाजवली, वाट पाहिली. पण वुबिनाबाईंचा दात दुखत होता आणि त्या दंतवैद्याकडे गेल्या होत्या. हार्म परत फाटकाशी आला, थोडा घुटमळला, आणि त्याने ते पाकीट माझ्यात अलगद उभे ठेवले, दार उघडताच समोर दिसेल असे.

तासाभराने सायकलवाली बाई आली. गठ्ठा जाड होता, तिने दोन्ही हातांनी रेटला. पाकीट वाकले, घसरले आणि बागेच्या सामानाच्या पत्रकाच्या घडीत शिरले. मला ते जाणवले. मी काही करू शकले नाही.

दुपारी वुबिनाबाई आल्या. गाल सुजलेला, जबडा बधिर. त्यांनी माझे दार उघडले, सगळा गठ्ठा काखेत मारला, "हा कचरा!" असे पुटपुटल्या आणि थेट मागच्या पडवीकडे गेल्या. खोक्यात गठ्ठा पडल्याचा आवाज मला इथपर्यंत आला.

गुरुवारी याना हातात वर्तमानपत्र घेऊन धावत आली.

"बिना! मेन्नो गेला गं. शनिवारी गेला. पेपरात आलंय."

वुबिनाबाईंनी फाटकाचा खांब धरला.

"अंत्ययात्रा परवा, दोन वाजता," याना म्हणाली. "मी गाडी काढते. तुझा काळा कोट कुठाय?"

"मला कार्ड नाही आलं."

"पेपरात दिलंय की!"

"पेपर सगळ्या जगासाठी असतो, याना. कार्ड माझ्यासाठी असतं."

"मग फोन कर."

"काय विचारू? मला का बोलावलं नाही ते विचारू?"

"डोकं दगडाचं आहे तुझं."

"आमच्या घरात सगळ्यांचंच आहे. फेनाचंही."

बुधवारपासून हार्मची कंबर धरली होती. त्याच्या जागी एक नवखा माणूस येत होता. गुरुवारी तो निघून गेल्यावर वुबिनाबाईंनी माझे दार उघडले, आणि शुक्रवारी तो यायच्या आधीपासूनच त्या माझ्यापाशी उभ्या होत्या. एकेक कागद चाळला. गाद्या, चष्मे, 'आपली निवड झाली आहे'. शुक्रवारी त्यांनी माझे दार लावले आणि माझ्यावर तळहात टेकवून काही वेळ तशाच उभ्या राहिल्या. खोके पडवीत होते. मला ठाऊक होते, त्यांना नव्हते. एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवण्याचा इतका शीण मला आयुष्यात कधी आला नाही.

शनिवारी सकाळी नऊ वाजता बँडचा ट्रॅक्टर आला. मागच्या ट्रॉलीवर लुबर्ट उभा होता. बँडमध्ये तो ढोल वाजवी आणि बोलेही ढोलासारखाच. आमच्याकडचा 'मोई', म्हणजे नमस्कार, त्याने लांबूनच ठोकला.

"मोई, वुबिनाबाई! वा, तीन खोकी! तुमच्या रद्दीवर आमचा अर्धा ट्यूबा येणार बघा."

"मग त्याच्यावर माझं नाव घाला."

"घालू की. ढुमढुम वुबिना!"

एरवी त्या हसल्या असत्या. खोकी वर चढली, ट्रॅक्टर पूल ओलांडून पलीकडे गेला. तिथे बँडच्या सभागृहासमोर रद्दीचा मोठा लोखंडी कंटेनर होता. मला सगळे दिसत होते.

दहा वाजता हार्म आला, कमरेवर एक हात ठेवून. वुबिनाबाई घरच्याच कपड्यांत, एप्रन बांधून वाफ्यातला पाला ओढत होत्या. तो थबकला.

"बाई, अजून तयार नाही? दोन वाजता आहे ना?"

"मला कुठे जायचंय?"

"म्हणजे काय? मेन्नोला पोचवायला."

"मला कार्ड नाही, हार्म."

हार्म हळूच सायकलवरून उतरला. "मी स्वतः ठेवलंय. मंगळवारी. बेल वाजवली, तुम्ही नव्हता. या पेटीत ठेवलंय, उभं."

वुबिनाबाईंनी माझ्याकडे पाहिले. मग पडवीकडे. मग पुलापलीकडे. त्यांच्या हातातले दाताळे खाली पडले.

"अरे देवा. मी सगळं फेकलं."

त्या एप्रनसकट पुलाकडे निघाल्या. हार्म लंगडत मागे, याना त्याच्या मागे. कंटेनरात लुबर्ट आणि आणखी दोघे चढले आणि रद्दी उपसू लागले. पण सकाळपासून साऱ्या गावाची रद्दी तिथे ओतली होती आणि प्रत्येक घरात तीच पत्रके आली होती. एकाच बागेची तीच फुले शंभर वेळा वर येत होती. लुबर्टचा आवाज मला कालव्यापलीकडून ऐकू येई, "हे पण गादीचंच! या गावात माणसं झोपतात की गाद्या खातात?" बारा वाजता वीनडामची बस पुलावरून गेली. ती कोणी पाहिली नाही. एकच्या सुमारास वुबिनाबाई धापा टाकत परत आल्या आणि घरात गेल्या. फेनाचा फोन वाजून वाजून थांबला असावा, कारण बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "घरी कोणी नाही. सगळे चर्चमध्ये गेले."

"अजून वेळ आहे," याना म्हणाली. "कोट घाल. मी गाडी काढते."

"मी येतो साक्षीला," हार्म म्हणाला. "मी सांगतो, मी कार्ड टाकलं होतं म्हणून."

"पोस्टमनला साक्षीला घेऊन बहिणीच्या दारात जाऊ? भर अंत्ययात्रेत मधेच शिरू आणि सांगू, की तुझं कार्ड गाद्यांच्या जाहिरातीत गेलं? ती म्हणेल, वर्षभर विचार केलास आणि हे कारण शोधलंस?"

"बिना, तू गेली नाहीस तर तिला काय वाटेल?"

"तेच, जे मला गुरुवारपासून वाटतंय."

त्या गेल्या नाहीत. फाटकाशेजारच्या बाकावर बसून राहिल्या. दोन वाजले, तीन वाजले. मातीने भरलेली बोटे त्यांनी एप्रनमध्ये गुंडाळून ठेवली होती. मित्रांनो, मी लोखंडाची आहे, पण त्या दुपारी कोणीतरी मला त्या खांबावरून काढून कालव्यात टाकावे असे मला वाटले.

सोमवारी कंटेनर न्यायला गाडी यायची होती. लुबर्ट पहाटेच तिथे जाऊन पुन्हा आत उतरला. त्याने कोणाला सांगितले नव्हते. सकाळी तो हार्मला घेऊन फाटकाशी आला. चेहरा धुळीने माखलेला, हातात बागेच्या सामानाचे पत्रक, आणि त्याच्या घडीतून डोकावणारा राखाडी काठ.

"मी देत नाही," लुबर्ट म्हणाला. आवाज आज अगदी लहान होता. "ते हार्मनंच द्यायचं."

हार्मने टोपी काढली आणि पाकीट वुबिनाबाईंच्या हातात दिले. त्यांनी नखाने ते फोडले. मग शेजारी उभ्या असलेल्या यानापुढे धरले.

"चष्मा आत राहिलाय. तू वाच."

यानाने तारीख वाचली, चर्चचे नाव वाचले. मग थांबली. "खाली पेननं लिहिलंय."

"वाच."

"'बिना, पहिल्या रांगेत, माझ्या डाव्या बाजूला बस. मेन्नो जायच्या आधी म्हणाला, तिला बोलाव, गाडीचं तिचं बरोबर होतं. फेना.'"

लुबर्टने नाक शिंकरले. वुबिनाबाईंनी कार्ड परत घेतले, बागेच्या पत्रकातच ठेवले आणि दोन्ही छातीशी धरले. "बस किती वाजता आहे?" एवढेच त्यांनी विचारले.

संध्याकाळी त्या परत आल्या तेव्हा याना फाटकापाशी वाटच पाहत होती.

"दार उघडलं?"

"उघडलं. पण मला उंबऱ्यातच उभं केलं. कार्ड दाखवलं, तर म्हणाली, पेपरात तर होतं ना? ते वाचून का नाही आलीस? मी म्हटलं, मला वाटलं तुला मी नकोय. ती म्हणाली, आणि मला वाटलं तुला मी नकोय."

"मग?"

"मग तिनं मला आत घेतलं." वुबिनाबाई बाकावर बसल्या. "तिनं माझी खुर्ची रिकामी ठेवली होती, याना. मेन्नोची बहीण बसायला आली, तर फेनानं तिला उठवलं. म्हणाली, येईल ती. शेवटचं गाणं होईपर्यंत मागं वळून वळून दाराकडं बघत होती."

याना तिच्याशेजारी बसली. तिने विचारले, "कॉफी दिली का?"

"दिली."

"बिस्किट?"

"एक."

"एकच दिलं म्हणजे दुसऱ्यासाठी परत बोलावलंय," याना म्हणाली. दोघी थोड्या हसल्या आणि मग वुबिनाबाई रडू लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्या गावच्या कचेरीत गेल्या आणि माझ्यासाठी चिकटपट्टी घेऊन आल्या. पट्ट्या दोन तऱ्हांच्या मिळतात. एकीवर 'नको, नको' लिहिलेले असते. दुसरीवर 'नको, हो'. म्हणजे बिननावाच्या जाहिराती नकोत, गावचे साप्ताहिक मात्र हवे. त्यांनी दुसरी निवडली. गावात कोण जन्मले, कोण वारले हे साप्ताहिकातूनच कळते, तेवढे तरी आत येऊ द्यायला हवे, असे त्या यानाला म्हणाल्या. माझ्या तोंडावरचा गंज घासून त्यांनी पट्टी सरळ लावली. पुढच्या मंगळवारी सायकलवाली बाई आली, तिने पट्टी वाचली आणि गठ्ठा परत पिशवीत घातला.

नावानिशी येणारी पाकिटे इतक्या सहज थांबली नाहीत. ज्यांना जाहिराती नकोत त्यांची एक देशभराची यादी असते, तिच्यात त्यांनी नाव नोंदवले. मग एकेका कंपनीला हाताने पत्र लिहिले, 'माझे नाव आपल्या वहीतून काढावे आणि ते कोणाला देऊ नये.' तरी जी पाकिटे आली ती त्यांनी उघडलीच नाहीत. वर 'घेणार नाही, परत' असे लिहून हार्मच्या हाती दिली. फुकटचे कुपन तर पुन्हा एकही भरले नाही. आणि ऐन जेवणाच्या वेळी फोनवरून कोणी काही विकू लागले तर त्या "नको, आणि पुन्हा करू नका" एवढे म्हणून फोन ठेवून देत. हे सगळे शांत व्हायला सव्वा वर्ष लागले. लुबर्ट मात्र कुरकुरला, "बाई, आता आमचा ट्यूबा कुठून यायचा?" त्याला त्यांनी सफरचंदाचा केक दिला.

मी बहुतेक दिवस रिकामी राहू लागले. मला बरे वाटले. पण फार उशिरा बरे वाटले, म्हणून आनंद असा झाला नाही.

आता त्यांचे पुढे काय झाले ते सांगते. फेना आणि वुबिनाबाई दर गुरुवारी भेटू लागल्या, एकदा इथे, एकदा वीनडामला. त्या भांडत, पत्ते खेळत, पण त्या शनिवारची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. काढली असती तर बरे झाले असते, असे याना म्हणे. फेना २००३ साली वारली. तिचे कार्ड हार्मने वुबिनाबाईंच्या हातात दिले आणि त्या वेळी त्या पहिल्या रांगेत बसल्या. हार्मने त्यानंतर दोन वर्षांनी नोकरी सोडली. कंबर मात्र त्याला शेवटपर्यंत सोडेना. यानाने म्हातारपणी मुलीकडे राहायला जाऊन गावच सोडले. लुबर्टच्या बँडला ट्यूबा मिळाला, जुनाच, शेजारच्या गावाने टाकून दिलेला. वुबिनाबाई २०११ साली शांतपणे गेल्या. नव्या मालकांनी फाटकावर चकचकीत पोलादी पेटी लावली. लुबर्टने मला मागून घेतले, आणि आता मी त्याच्या कोठारात एका फळीवर आहे. माझ्यात तो खिळे ठेवतो.

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. आपले नाव आणि पत्ता फुकटच्या कुपनावर लिहिण्याआधी जरा थांबा. जे नको असेल त्याला स्पष्ट नको म्हणा, आणि ते येत राहिले तर पुन्हा म्हणा. आणि टपाल हातात आले की तिथेच, पेटीपाशी उभे राहून, एकेक कागद उलटून पाहा. कितीही कंटाळा आला असला, थकवा असला तरी पाहा. त्याला दोन मिनिटे लागतात. वुबिनाबाई काही निष्काळजी नव्हत्या, मनाने वाईट तर मुळीच नव्हत्या. त्या मंगळवारी त्यांचा दात दुखत होता, एवढेच.